लायब्ररी सापडत नाही म्हणजे नेमकी कोणाला सापडत नाही?

सीमध्ये हिशोब.सी नावाचा सहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. वर मॅथ.एच हे हेडर घातलं, आत एसक्यूआरटी(२.०) म्हणजे दोनचं वर्गमूळ छापलं. जीसीसी या कंपायलरने मुकाट्याने कंपाइल केलं आणि उत्तरही बरोबर आलं. मग २.० च्या जागी वापरणाऱ्याने टाइप केलेला आकडा घेतला, तर तोच जीसीसी म्हणाला, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. हेडर जागेवर आहे, फंक्शनचं नाव बरोबर आहे, एक मिनिटापूर्वी हेच चाललं होतं. मग बिघडलं काय?

काहीच बिघडलेलं नाही. पहिल्या वेळी आकडा ठरलेला होता, म्हणून कंपायलरने वर्गमूळ स्वतःच काढून उत्तर प्रोग्रॅममध्ये घातलं. एसक्यूआरटी हे फंक्शन बोलावलं गेलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी ते खरोखर बोलवावं लागलं, आणि त्याचं मशीन कोड मॅथ.एचमध्ये नसतंच. ते लिबएम नावाच्या वेगळ्या लायब्ररीत असतं. लिनक्सवर जीसीसी ती आपणहून जोडत नाही, म्हणून ओळीच्या शेवटी -एलएम लिहावं लागतं.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. आदेश, पर्याय आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची. ओळीत -एल दिसला की तो स्मॉल एल समजा. कॅपिटल असेल तिथे मी तसं म्हटलंय.

आधी कोण ओरडतोय ते बघा

लायब्ररी शोधणारे तीन जण असतात: कोडचं मशीन कोड करणारा कंपायलर, तुकडे आणि लायब्रऱ्या जोडून प्रोग्रॅम बनवणारा लिंकर, आणि प्रोग्रॅम चालवताना लायब्रऱ्या आणून देणारा लोडर. तिघे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी, वेगवेगळी फाइल शोधतात. एकाची तक्रार दुसऱ्याच्या औषधाने बरी होत नाही, आणि लोकांचे तासन्‌तास नेमके इथेच जातात. हेडर मिळत नसताना एलडी_लायब्ररी_पाथ हे लोडरसाठीचं सेटिंग बदलत बसलेले लोक मी पाहिलेत. मीही त्यातलाच एक होतो.

‘फेटल एरर: झेडलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ ही कंपायलरची तक्रार. त्याला हेडर हवंय, लायब्ररीशी त्याला अजून देणंघेणं नाही. ‘कॅनॉट फाइंड -एलझेड’ हे लिंकरचं म्हणणं, त्याला झेडलिब लायब्ररीची फाइलच मिळालेली नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हाही लिंकरच, पण इथे फाइल मिळालेली असू शकते, आतलं नाव मिळालेलं नाही. आणि ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आलं तर प्रोग्रॅम व्यवस्थित तयार झालाय, चालवताना लोडर अडलाय. अशा वेळी पुन्हा पुन्हा कंपाइल करून हाती काही लागणार नाही.

मदत मागताना पुष्कळ जण फक्त शेवटची ओळ चिकटवतात: ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’. या ओळीचा अर्थ एवढाच की लिंकर नापास झाला. कारण तिच्या वरच्या ओळींत असतं. आणि वाचायची ती नेहमी सगळ्यात वरची तक्रार, कारण खालच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात.

पायरी १: हेडर

डेबियन आणि उबुंटूमध्ये एका लायब्ररीची सहसा दोन पॅकेजं असतात. एक नुसतं चालवण्यासाठी, दुसरं तिच्यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी -डेव्ह असतं, फेडोरा घराण्यात -डेव्हेल. हेडर त्या दुसऱ्यात असतात. ‘झेडलिब तर मशीनवर आहेच’ असं वाटतं ते पहिलं पॅकेज असल्यामुळे. डेबियनवर हवं असतं ते झेडलिब१जी-डेव्ह. हे नाव कुणाला अंदाजाने सुचणार नाही, तेव्हा अंदाज करू नका, विचारा:

एपीटी-फाइल सर्च झेडलिब.एच

फेडोरावर हेच काम डीएनएफ प्रोव्हाइड्स करतं, फक्त फाइलच्या नावाआधी तारा-स्लॅश लावून ते अवतरणात द्यायचं.

हेडर नेहमीच्या जागी, म्हणजे /यूएसआर/इन्क्लूड किंवा /यूएसआर/लोकल/इन्क्लूडमध्ये नसेल तर डॅश कॅपिटल आय लावून फोल्डर सांगायचं. इथे एक बारीक चूक सगळ्यांकडून होते. कोडमध्ये ओपनएसएसएल/एसएसएल.एच असं लिहिलेलं असेल तर कॅपिटल आयला ‘ओपनएसएसएल’ फोल्डर द्यायचं नसतं, ते ज्याच्या आत आहे ते बाहेरचं फोल्डर द्यायचं. कोडमधला मार्ग त्या फोल्डरच्या पुढे जोडला जातो. जोडून झाल्यावर फाइल खरंच तिथे आहे का, हे एलएसने बघितलं की शंका मिटते.

पायरी २: लिंकरला फाइल दाखवा

-एलझेड लिहिलं की लिंकर ‘लिबझेड.एसओ’ (शेअर्ड, म्हणजे चालवताना जोडली जाणारी) किंवा ‘लिबझेड.ए’ (स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रॅममध्येच भरली जाणारी) शोधतो. पुढचं ‘लिब’ आणि मागचं एक्स्टेन्शन तो स्वतः लावतो, म्हणून -एललिबझेड लिहिलं तर तो बिचारा ‘लिबलिबझेड’ शोधत फिरतो. एकाच फोल्डरमध्ये .एसओ आणि .ए दोन्ही असतील तर .एसओ निवडतो.

आता हमखास पडणारा प्रश्न. एलएस केलं की लिबझेड.एसओ.१ डोळ्यांसमोर दिसते, तरी लिंकर म्हणतो सापडत नाही. याचं कारण, शेअर्ड लायब्ररीची तीन नावं असतात. पूर्ण आवृत्तीचं नाव असलेली खरी फाइल, तिच्याकडे बोट दाखवणारी लिबझेड.एसओ.१ ही सिम्लिंक, आणि आकडा नसलेली लिबझेड.एसओ ही आणखी एक सिम्लिंक. मधलं नाव लोडरचं, शेवटचं लिंकरचं. लिंकरला आकड्याचं नाव चालत नाही, आणि बिनआकड्याची सिम्लिंक येते -डेव्ह पॅकेजमधून. ती हाताने बनवून टाकण्याचा मोह होतो आणि त्याने कामही होतं. पण मग हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्याच आवृत्तीची, असा संसार सुरू होतो. -डेव्ह पॅकेज टाकायला तेवढाच वेळ लागतो.

लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर डॅश कॅपिटल एल लावून ते फोल्डर सांगा. कॅपिटल एल म्हणजे कुठे शोधायचं, स्मॉल एल म्हणजे काय शोधायचं. आणि जीसीसी नेमकी कोणती फाइल उचलतोय हे बघायचं असेल तर मला सगळ्यात आवडणारा आदेश हा:

जीसीसी -प्रिंट-फाइल-नेम=लिबझेड.एसओ

फाइल मिळाली तर पूर्ण मार्ग छापतो, नाही मिळाली तर दिलेलं नाव तसंच परत करतो. कॅपिटल एलने दिलेल्या फोल्डरांचा त्याला पत्ता नसतो, पण नेहमीच्या जागांसाठी फार उपयोगी. प्रत्यक्ष लिंक होताना कोणत्या फाइली उघडल्या ते हवं असेल तर लिंकरला --ट्रेस द्या. जीसीसीमार्फत तो डॅश कॅपिटल डब्ल्यू एल, स्वल्पविराम, --ट्रेस असा जातो.

लिंकर ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ म्हणत असेल तर फाइल सापडली आहे, पण जातच वेगळी आहे. बहुधा ३२ बिटची लायब्ररी ६४ बिटच्या प्रोग्रॅमला जोडायला निघालाय, किंवा एआरएमची इंटेलला. ‘फाइल’ हा आदेश तिच्यावर चालवा, लगेच कळेल. त्याने ‘टेक्स्ट’ असं उत्तर दिलं तरी दचकू नका. जीलिबसीची, म्हणजे लिनक्सवरच्या सीच्या मूळ लायब्ररीची, -डेव्ह पॅकेजमधली लिबसी.एसओ ही खरोखरच काही ओळींची मजकुराची फाइल आहे. खऱ्या फाइली कुठे आहेत, एवढंच तिच्यात लिंकरसाठी लिहिलेलं असतं.

पायरी ३: अनडिफाइन्ड रेफरन्स

इथे रेंगाळावं लागेल, कारण एकाच मेसेजमागे चार-पाच वेगळी दुखणी असतात.

सगळ्यात साधं दुखणं म्हणजे लायब्ररीचं नावच दिलेलं नाही. ते नसेल, तर बघायचा क्रम. हे चुकीचं आहे:

जीसीसी -एलएसएसएल -एलक्रिप्टो क्लायंट.ओ -ओ क्लायंट

आणि हे बरोबर:

जीसीसी क्लायंट.ओ -एलएसएसएल -एलक्रिप्टो -ओ क्लायंट

लिंकर ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो आणि ‘अजून न सापडलेली नावं’ अशी यादी सोबत बाळगतो. .ओ, म्हणजे कंपाइल झालेल्या कोडची, फाइल आली की ती पूर्ण घेतो आणि तिला हवी असलेली नावं यादीत टाकतो. .ए लायब्ररी आली की त्या क्षणी यादीत असलेल्या नावांपुरतेच तुकडे तिच्यातून उचलतो आणि पुढे जातो. मागे वळून बघत नाही. पहिल्या ओळीत दोन्ही लायब्रऱ्या आल्या तेव्हा यादी रिकामी होती, त्याने काहीच उचललं नाही. नंतर क्लायंट.ओने नावं मागितली, तोवर दुकान बंद. लिबएसएसएल स्वतः लिबक्रिप्टोवर अवलंबून आहे, म्हणून त्या दोघींतही एसएसएल आधी. सूत्र एवढंच: मागणारा डावीकडे, देणारा उजवीकडे. दोन लायब्रऱ्या एकमेकींकडेच मागत असतील तर त्या --स्टार्ट-ग्रुप आणि --एन्ड-ग्रुप यांच्या मध्ये ठेवायच्या, मग लिंकर त्यांच्यात फिरून फिरून शोधतो.

‘पण माझ्या मशीनवर उलट्या क्रमानेही चालतं!’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि ते खरं असू शकतं. लायब्ररी शेअर्ड असेल तर जुन्या पद्धतीचा लिंकर ती जोडून टाकतो, क्रम कसाही असो. उबुंटूमध्ये मात्र --अ‍ॅझ-नीडेड आधीच चालू असतं. म्हणजे लायब्ररी आली त्या क्षणी तिची गरज दिसली नाही तर शेअर्ड असली तरी ती सोडून दिली जाते. एलएलव्हीएमचा एलएलडी लिंकर क्रमाच्या बाबतीत बराच उदार आहे. तेव्हा एका मशीनवर चाललं याला पुरावा समजू नका.

मेक या बांधणीच्या साधनासाठी मेकफाइल लिहिणाऱ्यांची याच जातीची चूक म्हणजे -एलझेड एलडीफ्लॅग्जमध्ये टाकणं. मेकचा अंगभूत नियम एलडीफ्लॅग्ज हे .ओ फाइलींच्या आधी ठेवतो आणि एलडीलिब्ज नंतर. फोल्डर सांगणारे कॅपिटल एल पहिल्यात, लायब्ररीची नावं दुसऱ्यात.

क्रमही ठीक असेल तर नाव खरोखर त्या लायब्ररीत आहे का ते बघा. एनएम हा आदेश लायब्ररीतली नावं दाखवतो. शेअर्ड लायब्ररीसाठी त्याला डॅश कॅपिटल डी द्यायचा. नावापुढे कॅपिटल टी असेल तर ते फंक्शन इथे आहे, यू असेल तर ही लायब्ररीसुद्धा ते दुसऱ्या कुणाकडे मागतेय. यू बघून ‘सापडलं!’ म्हणणारे पुष्कळ, ग्रेप करताना ते अक्षर नीट वाचा.

‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ हा भाऊबंदच, डीएसओ म्हणजे शेअर्ड लायब्ररी. टर्मिनलचा पडदा हाताळणारी एनकर्सेस वापरताना तो नेहमी भेटतो. बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये एनकर्सेसचा एक भाग लिबटिनफोमध्ये वेगळा काढलेला असतो. तुमचा कोड त्यातलं काही थेट वापरत असेल तर नुसतं -एलएनकर्सेस पुरत नाही, -एलटिनफोही लिहावं लागतं. आपण जे थेट वापरतो ते आपणच जोडायचं, दुसऱ्याच्या पाठीवर बसून यायचं नाही, असं लिंकरचं म्हणणं आहे.

सी++ आलं की आणखी दोन गोष्टी. सी++ कंपायलर फंक्शनच्या नावात पॅरामीटरचे प्रकार गुंफतो. सीमध्ये लिहिलेल्या लायब्ररीत ते नाव साधं असतं, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. अशा लायब्ररीचं हेडर ‘एक्स्टर्न सी’ च्या कंसात हवं. बहुतेक नावाजलेल्या लायब्रऱ्यांनी ते आधीच केलेलं असतं, घरगुती लायब्रऱ्यांत राहून जातं. लिंक करताना जीसीसीऐवजी जी++ वापरा, म्हणजे सी++ ची स्वतःची लायब्ररी आपोआप येते. आणि न सापडलेल्या नावात ‘सीएक्सएक्स११’ दिसलं तर प्रकरण वेगळं आहे. २०१५ साली आलेल्या जीसीसी ५ मध्ये स्ट्रिंग आणि लिस्ट यांची आतली रचना बदलली. एक तुकडा जुन्या रचनेने आणि दुसरा नव्या रचनेने कंपाइल झालेला असेल तर नावं जुळत नाहीत. यावर दोन्ही एकाच कंपायलरने पुन्हा बांधणं हाच खात्रीचा उपाय.

पायरी ४: हाताने लिहायचं कशाला?

इथवरचं सगळं समजणं गरजेचं, पण रोज हाताने लिहिणं नाही. लायब्ररी स्वतःबरोबर .पीसी फाइल आणते, आणि पीकेजी-कॉन्फिग ती वाचून फ्लॅग सांगतो. --सीफ्लॅग्ज म्हटलं की हेडरचे, --लिब्ज म्हटलं की लिंकरचे. पहिले कंपाइलच्या ओळीत, दुसरे .ओ फाइलींच्या नंतर. क्रमाचा नियम इथेही सुटत नाही. लिबपीएनजीसाठी --लिब्ज विचारलं तर -एलपीएनजी१६ असं उत्तर येतं. हे आपल्याला सुचलं नसतं. मॉड्यूलचं नाव माहीत नसेल तर --लिस्ट-ऑल करून ग्रेप करा. .पीसी फाइल आडजागी असेल तर पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये ते फोल्डर घाला. स्टॅटिक लिंक करताना --स्टॅटिक द्यायला विसरू नका, नाहीतर लायब्ररीच्या मागच्या लायब्रऱ्या यादीत येत नाहीत.

सीमेक हे बांधणीचं साधन वापरत असाल तर फाइंड_पॅकेज आणि मग टार्गेट_लिंक_लायब्ररीजमध्ये झेडलिब::झेडलिबसारखं टार्गेट, बस. लायब्ररी वेगळ्या जागी असेल तर सीमेक_प्रीफिक्स_पाथ. सीमेकची एक खोड मात्र लक्षात ठेवा. एकदा सापडलेल्या लायब्ररीचा मार्ग तो सीमेककॅशमध्ये लिहून ठेवतो. मग मार्ग दुरुस्त करूनही जुनंच उत्तर आलं तर बिल्ड फोल्डर उडवून नव्याने सुरू करा.

पायरी ५: प्रोग्रॅम तयार, पण सुरू होईना

लिंक होताना प्रोग्रॅमच्या आत लायब्ररीचं नाव लिहिलं जातं, पूर्ण मार्ग सहसा नाही. ते नाव म्हणजे एसओनेम, जसं लिबझेड.एसओ.१. रीडएल्फ -डी चालवलं की ‘नीडेड’ अशा ओळींत ही नावं दिसतात. एलडीडी त्यापुढे जाऊन कोणती फाइल कुठून मिळते तेही सांगतो, आणि मिळत नसेल तिथे ‘नॉट फाउंड’. अनोळखी माणसाकडून आलेल्या प्रोग्रॅमवर एलडीडी चालवू नका. काही परिस्थितीत तो प्रोग्रॅममधलं कोड प्रत्यक्ष चालवू शकतो. रीडएल्फ नुसता वाचतो.

लिंक करताना दिलेला कॅपिटल एल लोडरला ठाऊक नसतो, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी कोडी सुटतात. लोडर आधी एलडी_लायब्ररी_पाथ बघतो, मग प्रोग्रॅममध्ये कोरलेला रनपाथ, मग /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश, आणि शेवटी /लिब, /यूएसआर/लिब. जुन्या पद्धतीचा आरपाथ असेल आणि रनपाथ नसेल तर तो या सगळ्यांच्या आधी लागतो.

/यूएसआर/लोकल/लिबमध्ये ‘मेक इन्स्टॉल’ केलं आणि लायब्ररी सापडेना, तर बहुतेक वेळा सुडो एलडीकॉन्फिग चालवायचं, म्हणजे वरचा एलडी.एसओ.कॅश ताजा करायचा राहिलेला असतो. फोल्डर भलतंच असेल तर /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डीमध्ये एक छोटी फाइल करून त्यात मार्ग लिहा आणि मग एलडीकॉन्फिग चालवा.

लायब्ररी प्रोग्रॅमसोबतच द्यायची असेल तर रनपाथमध्ये डॉलर ओरिजिन वापरा. त्याचा अर्थ ‘हा प्रोग्रॅम जिथे आहे ते फोल्डर’. लिहिताना ते एकेरी अवतरणात हवं, नाहीतर शेल डॉलर पाहून त्याची रिकामी स्ट्रिंग करतो. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा. झाल्यावर रीडएल्फने खात्री करा. रनपाथ फक्त प्रोग्रॅमच्या थेट लायब्रऱ्यांना लागू होतो. त्या लायब्रऱ्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा शोध त्याने होत नाही.

राहिला एलडी_लायब्ररी_पाथ. तपासणीपुरता, त्या एका आदेशापुढे लिहून वापरायला उत्तम. बॅशआरसीमध्ये कायमचा घालणं मात्र मला अजिबात पटत नाही. मी एकदा स्वतः बांधलेल्या ओपनएसएसएलचं फोल्डर तिथे टाकलं आणि विसरलो. काही महिन्यांनी सिस्टिम अपग्रेड झाल्यावर कर्ल सुरू होईना, त्यामागोमाग गिट. दोघेही माझी जुनी लायब्ररी उचलत होते. एलडी_डीबग=लिब्ज लावून कर्ल चालवला, तेव्हा लोडर कुठे कुठे गेला आणि कुठे थांबला याची सगळी हकीकत पडद्यावर आली, आणि तिसऱ्याच ओळीत माझ्याच होम फोल्डरचं नाव होतं.

आणखी एक नेहमीचा प्रसंग. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि जुने तयार प्रोग्रॅम ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ मागून पडू लागले. लिबएसएसएल.एसओ.३ ला १.१ या नावाची सिम्लिंक करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. एसओनेममधला आकडा बदलतो तेच मुळी ‘जुन्या प्रोग्रॅमला ही चालणार नाही’ हे सांगायला. प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर पुन्हा कंपाइल करा किंवा त्याची नवी आवृत्ती घ्या.

मॅक आणि विंडोजवर

तिघे शोधणारे तिथेही तेच, नावं वेगळी. मॅकवर .डायलिब, आणि एलडीडीच्या जागी ओटूल डॅश कॅपिटल एल. अ‍ॅपल सिलिकॉनवर होमब्रू /ऑप्ट/होमब्रूमध्ये असतं, आणि अ‍ॅपलचा क्लँग आपणहून तिथे बघत नाही, म्हणून हेडरचा आणि लायब्ररीचा असे दोन्ही मार्ग सांगावे लागतात. विंडोजवर व्हिज्युअल सी++ मध्ये .लिब ही कधी खरी स्टॅटिक लायब्ररी असते, तर कधी नुसती डीएलएलचा पत्ता सांगणारी. फाइल न मिळाल्यास एलएनके११०४, नाव न मिळाल्यास एलएनके२०१९. चालवताना डीएलएल मिळत नसेल तर ती .ईएक्सईच्या शेजारी ठेवून बघा, शोध साधारण तिथूनच सुरू होतो.

जुनी उत्तरं वाचताना

इंटरनेटवर -एलपीथ्रेड आणि -एलडीएल लावायला सांगणारी उत्तरं ढिगाने मिळतील. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी २.३४ पासून पीथ्रेड (थ्रेडची फंक्शनं) आणि डीएल (चालू प्रोग्रॅममधून लायब्ररी उघडण्याची फंक्शनं) दोन्ही मुख्य लिबसीतच आहेत. फ्लॅग लावले तरी बिघडत नाही, कारण त्या नावांच्या रिकाम्या .ए फाइली मुद्दाम ठेवलेल्या आहेत. जुन्या सिस्टिमवरही बांधायचं असेल तर ते राहू द्या. लिबएम मात्र त्या विलीनीकरणात नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या सहा ओळींच्या प्रोग्रॅमला -एलएम अजूनही लागतं, आणि तेही हिशोब.सी च्या उजवीकडे.